मोठ्या चाकांचा हिशेब

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून आधी फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडत होती, तेव्हा गाडीचे चाक निवडायचा प्रश्नच मुंबईकरापुढे नव्हता. १४ इंची पोलादी रिम, तिच्यावर ५.२० मापाचा अरुंद, उंच टायर आणि मध्ये एक चकचकीत टोपी, एवढाच थाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली ती कंपनी कुर्ल्यातून गेली आणि त्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी राहिली. तिथून फार लांब नाही तो सीएसटी रोड. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर गाड्यांच्या सुट्या भागांची आणि सजावटीची दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि त्यांच्या दर्शनी भिंतींवर अलॉय चाके टांगलेली असतात: काळी, सोनेरी, दुरंगी, पाच दांड्यांची, जाळीची. अंधेरीचा लिंक रोड, बोरिवलीचा एसव्ही रोड, घाटकोपर ते मुलुंडचा एलबीएस मार्ग इथल्या टायरच्या दुकानांतही आता हेच दृश्य दिसते.

मोठ्या चाकांची ही ओढ केवळ हौसेतून आलेली नाही. चाक मोठे करायची सुरुवात कंपन्यांनीच केली. मारुती ८०० वर्षानुवर्षे १४५/७० आर १२ टायरवर चालली. आजच्या स्विफ्टला खालच्या व्हेरियंटमध्ये १४ इंची आणि वरच्यात १५ इंची चाके येतात. बलेनो आणि आय२० यांच्या महागड्या व्हेरियंटना १६ इंची. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या व्हेरियंटना १८ इंची आणि विजेवरच्या बीई ६ च्या वरच्या व्हेरियंटना १९ इंची, पर्याय म्हणून २०. ज्याने बजेटपायी मधला व्हेरियंट घेतला, त्याच्या शेजारी सिग्नलला तीच गाडी मोठ्या चाकांवर येऊन थांबते. आपल्या गाडीच्या कमानीत चाक लहान आणि पोकळी मोठी दिसते, हे मग रोज डोळ्यांत खुपते. ही इच्छा रास्त आहे. किती मोठे घ्यावे, कोणते घ्यावे आणि ते नीट बसले आहे हे कसे ओळखावे, एवढे तीन प्रश्न उरतात, आणि तिन्हींची उत्तरे दुकानाच्या काउंटरवर सहसा घाईत दिली जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टायरच्या बाजूवरच छापलेले असते. १८५/६५ आर १५ याचा अर्थ टायर १८५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १५ इंची. भिंत झाली १२० मिमी. वरची आणि खालची अशा दोन भिंती आणि १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास येतो सुमारे ६२१.५ मिमी. रिम एक इंचाने वाढवायची तर दोन्ही भिंती मिळून तेवढ्या उतरवायच्या, म्हणजे जमिनीवर फिरणारे चाक पूर्वीएवढेच राहते. १९५/५५ आर १६ चा व्यास भरतो ६२०.९ मिमी. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. बलेनोच्या वेगवेगळ्या व्हेरियंटना कंपनी स्वतः हीच दोन मापे देते, त्यामागे हा हिशेब आहे. अजून एक इंच वर जाऊन २०५/४५ आर १७ घेतला तर व्यास ६१६.३ मिमी, म्हणजे एका टक्क्याच्या आत. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांहून दूर जायचे नाही, असा जगभरच्या टायरवाल्यांचा रिवाज आहे.

हिशेब चुकला की काय होते, तेही आकड्यांतच पाहावे. दुकानात १९५/५५ शिल्लक नाही म्हणून १९५/४५ आर १६ चढवला, तर व्यास ५८२ मिमीवर येतो. अख्खी गाडी जवळजवळ २० मिमी खाली बसते, आणि सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक जो कालपर्यंत लागत नव्हता तो पोटाला लागू लागतो. उलट, दणकट दिसावी म्हणून त्याच हॅचबॅकला २१५/६० आर १६ बसवला तर व्यास ६६४ मिमी होतो, मूळ मापापेक्षा जवळपास सात टक्के जास्त. तो टायर कमानीत घासतो ही तक्रार पहिल्याच दिवशी येते. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागतो: स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, चाकाचा आकार त्याला कळत नाही. काटा पूर्वी जिथे १०० दाखवायचा तिथेच असताना गाडी आता १०७ च्या जवळ असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीत स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असे स्पष्ट आहे. कंपन्या मीटर मुळातच थोडा पुढे ठेवतात तो म्हणूनच. मोठा टायर ती राखीव जागा खाऊन टाकतो.

गणिताच्या अंगाने पाहिले तर १५ वरून १७ पर्यंत सगळे ठीक दिसते. मुंबईच्या उपनगरात मात्र प्रश्न व्यासाचा नसून भिंतीचा आहे.

१८५/६५ आर १५ ची भिंत १२० मिमी. १९५/५५ आर १६ ची १०७. २०५/४५ आर १७ ची ९२. चाक खड्ड्याच्या काठावर आदळते तेव्हा रबराची ही भिंत दबते आणि तिच्यातली हवा धक्का पिते. भिंत पूर्ण दबली की टायरचा थर काठ आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटला जातो. आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो फेकावाच लागतो. भिंतीत जिरला नाही तेवढा धक्का रिम घेते. पोलादी रिम वाकते आणि ठोकून सरळ होते. ओतीव अलॉय एका मर्यादेपर्यंत वाकते आणि मग तडकते. १५ वरून १६ वर जाताना या ढालीतले १३ मिमी जातात, १७ वर जाताना २८ मिमी. पहिला तोटा हवेचा दाब नीट राखून आणि जपून चालवून निभावता येतो. दुसरा निभावणे चालकाच्या हातात राहत नाही, कारण जुलैमध्ये पाण्याखालचा खड्डा कोणालाच दिसत नाही.

रस्ते सुधारत आहेत, हे मान्य करायला हवे. मेट्रो २अ आणि ७ यांच्या अंधेरी पश्चिम आणि गुंदवलीपर्यंतच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन १९ जानेवारी २०२३ ला झाले, आणि त्याच दिवशी महापालिकेच्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची पायाभरणी झाली. खर्च सहा हजार कोटींच्या वर. काँक्रीटवर डांबरासारखे खड्डे पडत नाहीत. पण चाकाच्या दृष्टीने काँक्रीटचे स्वतःचे धोके आहेत. नवा पट्टा संपून जुने डांबर लागते तिथे अर्धवट पायरी राहते. मॅनहोलची झाकणे रस्त्याच्या पातळीच्या वर किंवा खाली बसवलेली असतात. केबलसाठी खणलेला चर पेव्हर ब्लॉकने बुजवला की चार महिन्यांत त्यातला एखादा ब्लॉक तिरका उभा राहतो, आणि त्याची धार खड्ड्याच्या मऊ काठापेक्षा वाईट. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या बॅरिकेडने रस्ता असा आवळला की समोर आलेले चुकवायला बाजूला जागाच नसते. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात तुंबतो. त्या पाण्यातून चाळीस पावलांवर काय आहे हे कोण सांगणार? उपनगरातल्या चालकाला हे रस्ते पाठ असतात, पण पाठ असूनही रोज त्यांवरूनच जावे लागते.

आणखी एक शत्रू इमारतीच्या आतच असतो. पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत यांत्रिक पार्किंग आले आहे. लोखंडी पाळण्यावर गाडी चढवताना दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. जुन्या टायरची फुगीर भिंत या कडेला आधी लागायची आणि रिम वाचायची. रुंद रिमवर ताणून बसवलेल्या कमी उंचीच्या टायरमध्ये रिमची कडच सगळ्यांत बाहेर येते. महिन्याभरात चारही चाकांच्या कडा खरवडलेल्या दिसतात. टायर घेताना बाजूला रिम वाचवणारी रबराची उंच कड आहे का, हे विचारावे. काही टायरांना ती असते.

१७ इंच घ्यायचेच असतील तर भाराचा आकडा तरी पाहिलाच पाहिजे. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ हा आकडा असतो. त्याचा अर्थ तो टायर ५६० किलो पेलतो. १९५/५५ आर १६ वर ८७, म्हणजे ५४५ किलो. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४ असतो, म्हणजे फक्त ५०० किलो. चार टायरांचे मिळून २४० किलो कमी झाले. याच मापात जादा भाराचा प्रकार मिळतो, त्यावर एक्सएल आणि ८८ छापलेले असते. तो पुन्हा ५६० किलो पेलतो, मात्र पूर्ण भाराला त्याला हवेचा दाबही जास्त लागतो. दुकानदार एक्सएल देतो की साधा, हे बिलात सहसा लिहिलेले नसते. टायरवर मात्र लिहिलेले असते, आणि गाडी जॅकवर असतानाच ते वाचून घ्यावे.

आता बसवण्याकडे. इथे चुका सगळ्यांत जास्त होतात आणि सगळ्यांत कमी दिसतात.

चाकाच्या नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला बाजारात पीसीडी म्हणतात. स्विफ्ट, बलेनो, आय२०, होंडा सिटी या सगळ्यांना चार नट आणि १०० मिमीचे वर्तुळ, त्यामुळे दुकानातली निम्मी भिंत याच मापाने भरलेली असते. क्रेटाला पाच नट आणि ११४.३. फोक्सवॅगन पोलोला पाच आणि १००, म्हणून पोलोवाल्याला पसंतीचे चाक शोधत फिरावे लागते. फियाट पुंटोचे माप होते चार आणि ९८. फक्त दोन मिलिमीटरचा फरक, आणि म्हणूनच तो धोकादायक: १०० चे चाक ९८ वर रेटून बसते, नट आवळलेही जातात, पण तिरक्या ताणात. असे चाक रस्त्यावर सुटू शकते. दोन-दोन मापे चालावीत म्हणून आठ भोके पाडलेली चाकेही बाजारात भरपूर आहेत. आपल्या मापाची भोके कोणती, हे बसवणाऱ्याने बोट ठेवून दाखवावे.

मधल्या मोठ्या भोकाचे प्रकरण जास्त सूक्ष्म आहे. सुझुकीच्या आणि ह्युंदाईच्या या लहान गाड्यांच्या हबचा व्यास ५४.१ मिमी, होंडा सिटीचा ५६.१. बाजारातल्या चाकांचे भोक मात्र अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे, बऱ्याचदा ७३.१ मिमी ठेवलेले असते. ही पोकळी भरायला हब रिंग नावाची कडी मिळते, किंमत अगदी किरकोळ. ती नसेल तर चाक केवळ नटांच्या आधारावर मध्य शोधते आणि केसाएवढे बाजूला बसते. ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. उपनगरात दिवसभर वेग तीसच्या पुढे जात नाही, त्यामुळे हा दोष आठवडेच्या आठवडे लपून राहतो आणि लोणावळ्याला जाताना एक्स्प्रेसवेवर उघड होतो. मग बॅलन्सिंग पुन्हा करा, अलाइनमेंट पुन्हा करा, असे फेरे सुरू होतात. नवे चाक बसल्यावर लगेचच्या रविवारी भल्या पहाटे पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर कायद्याच्या मर्यादेत एक फेरी मारली तर तो दोष दुकान विसरण्याआधी सापडतो.

ऑफसेटबद्दल तर ग्राहक विचारतच नाही. चाकाच्या रुंदीची मधली रेघ आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागे ईटी ४५, ईटी ३८ असे कोरलेले असते. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ ची आहे आणि तिच्या जागी सात इंची, ईटी ३८ ची आली. अर्ध्या रुंदीत १९ मिमी वाढ आणि ऑफसेटमध्ये ७ मिमी घट, मिळून चाक २६ मिमी बाहेर येते, आणि आतल्या बाजूला १२ मिमी सरकते. बाहेर आलेला टायर मडगार्डच्या ओठाला लागतो, पावसात चिखल आणि खडी थेट दारावर फेकतो, आणि बेअरिंगवर तरफेसारखा भार टाकतो. आत सरकलेला टायर सस्पेंशनला टेकतो. स्पेसर लावून मार्ग काढतो, असे काही दुकाने सांगतात. पण स्पेसरने चाक आणखीच बाहेर जाते आणि नट धरायला मिळणारे आटे कमी होतात. माप चुकले असेल तर चाक बदलणे हाच मार्ग. तपासणी सोपी आहे: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून गाडी पुढेमागे चालवावी, मग पाच माणसे बसवून गतिरोधकावरून न्यावी. रिकाम्या गाडीत न लागणारा मागचा टायर भरल्या गाडीत लागतो.

नटांकडेही पाहिले पाहिजे. सुझुकीचा नट १२ मिमीचा, त्याच्या आट्यांतले अंतर १.२५, ह्युंदाई आणि होंडाचा तोच १२, पण अंतर १.५. डोळ्यांना दोन्ही सारखेच. हवेच्या बंदुकीने घाईत चुकीचा नट ठोकला की आटे कापले जातात. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलाकार असते आणि बाहेरच्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराची लागते, त्यामुळे जुने नट नव्या चाकात पूर्ण टेकत नाहीत. चांगला फिटर नट आधी हाताने फिरवतो, मग आडवे-उभे आळीपाळीने आवळतो आणि शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर आणतो. लहान गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात. ज्या दुकानात टॉर्क रेंच नाही तिथे चाक बसवू नये, एवढा एकच नियम पाळला तरी बरेच काही टळेल.

मोठ्या चाकांचे फायदे खोटे नाहीत. भिंत छोटी असली की वळणावर टायर कमी लवंडतो, स्टिअरिंगचे उत्तर लवकर मिळते, रुंद टायरची पकड वाढते. अमेरिकेतल्या कार अँड ड्रायव्हर मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ ते १९ इंचांचे पाच संच चढवून पाहिले. वळणावरची पकड सुधारली. पण १५ वरून १९ वर जाताना मायलेज सुमारे दहा टक्क्यांनी घटले आणि गाडीचा उठावही किंचित मंदावला. कारण वजन. मोठी रिम जड असतेच, शिवाय ते वजन हबपासून लांब, कडेला सरकते आणि दर वेळी फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. गोल्फची चाचणी मोकळ्या रस्त्यावर झाली. साकीनाक्याच्या सिग्नलवर दर पन्नास मीटरला गाडी थांबते आणि पुन्हा निघते, तिथे जड चाकाचा भुर्दंड पावलोपावली भरावा लागतो. विजेच्या गाड्यांत हाच तोटा एका चार्जमधल्या अंतरात दिसतो, आणि बॅटरीमुळे गाडी आधीच जड असल्याने भाराचा आकडा आणखी कसून पाहावा लागतो.

चाक कोणी बनवले, या प्रश्नाला महाराष्ट्रात चांगले उत्तर आहे. पुण्याजवळ शिक्रापूरला एनकेईचा कारखाना आहे, चाकण पट्ट्यात मॅक्सिऑनचा; देशात युनो मिंडा, स्टील स्ट्रिप्स, निओ व्हील्स अशी नावे आहेत. चीन, कोरिया आणि थायलंडहून स्वस्त ओतीव चाके इतकी येऊ लागली की २०१४-१५ मध्ये सरकारने त्यांच्यावर अँटी-डंपिंग शुल्क बसवले. चाकाची भट्टी चांगली की वाईट हे रंगावरून कळत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला ओतल्यानंतर ठरावीक तापमानाला तापवून, पाण्यात थंड करून, पुन्हा भाजावे लागते, तेव्हा त्यात ताकद येते. खर्च वाचवायला ही पायरी अर्धवट केली तरी चाक दिसायला तेच. म्हणून चाचण्या असतात: वळणाचा ताण लाखो फेरे देऊन पाहायचा, भार टाकून फिरवायचे, आणि वरून वजन टाकून कडेला मार द्यायचा. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चिन्हे कोरलेली असतात. भारतात चाकांच्या रिमसाठी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि आयएसआय चिन्हाची सक्ती आली. प्रसिद्ध जपानी चाकांच्या नकला मात्र अजूनही बाजारात आहेत. नक्षी हुबेहूब असते, चाचणी झालेली नसते. कोणत्याही गाडीमालकाने जीव अशा नकलेवर सोपवू नये.

तडा गेलेले चाक वेल्डिंग करून देणारेही उपनगरात आहेत. कडेचा हलका बाक यंत्रावर काढून घेणे ठीक. दांडीला किंवा नटांच्या भोकाजवळ गेलेला तडा वेल्ड करणे ठीक नाही: वेल्डिंगच्या आचेने भाजणीतून आलेली ताकद त्या जागी निघून जाते.

कायद्याबद्दल दुकानांत दोन टोकांची मते ऐकू येतात: काहीही चालते, किंवा अलॉय म्हणजे थेट चलान. दोन्ही चूक. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेले माप बसवले तर उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मडगार्डबाहेर आलेले टायर आणि कापलेल्या कमानी घेऊन अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओत पुनर्नोंदणीला गेले तर तिथे उत्तर द्यावे लागेल.

विम्याचे तर वाचूनच घ्यावे. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर भरपाई नाही. गाडीचे त्याच वेळी नुकसान झाले असेल तरच, आणि तीही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. नवा संच कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवला नसेल तर चोरी किंवा अपघातानंतर त्याची किंमत मागायला आधार उरत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर बेअरिंग आणि सस्पेंशनच्या दाव्यावर वर्कशॉप बोट ठेवू शकते, हेही गृहीत धरावे.

या सगळ्यातून उपनगरातल्या मालकासाठी सगळ्यांत शहाणा सौदा कोणता? कंपनीनेच बनवलेले, वरच्या व्हेरियंटचे चाक. नवी गाडी घेऊन लगेच चाके बदलणारे हौशी मालक मूळ संच विकतात, आणि न चाललेले असे संच सीएसटी रोडवर नियमित येतात. बलेनोच्या १६ इंची संचाची भोके आणि हबचे माप स्विफ्टशी जुळते, व्यास जवळपास तोच. ऑफसेट तेवढा रिमच्या मागे वाचून घ्यायचा. चाचणी झालेले, वजनाने बेताचे आणि फिरताना ओळखीचे असे चाक त्याहून कमी पैशांत क्वचित मिळते. स्टेपनी मात्र पोलादी आणि जुन्या मापाचीच राहते, म्हणून तिचे मूळ नट डिकीत ठेवायला विसरू नये. भर पावसात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर चाक बदलताना अलॉयचे नट पोलादी रिमला बसत नाहीत हे कळणे फार वाईट.

आज समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आला आहे. मुलुंडची गाडी सकाळी निघून १२० च्या मर्यादेत नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगरकडे धावते. खड्ड्यात आतून जखमी झालेला टायर शहरात चालून जातो. तापलेल्या काँक्रीटवर तासभर तो वेग त्याला सोसत नाही. लांबच्या प्रवासाआधी चारही टायरांच्या दोन्ही बाजू, आतलीसुद्धा, हात फिरवून पाहाव्यात. फुगा बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो आणि बाहेरून दिसत नाही.

स्विफ्ट, बलेनो, आय२० या वर्गाच्या गाडीसाठी निकाल स्पष्ट आहे: १६ इंच ही शेवटची पायरी, १७ इंच मुंबईच्या पावसाळ्यासाठी नाही. तरीही ज्यांना १७ हवेतच त्यांनी जुना संच दुकानदाराच्या एक्स्चेंजमध्ये देऊ नये. तो टायरसकट माळ्यावर ठेवावा, जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडीवर चढवावा आणि नवा संच दसऱ्याला परत बाहेर काढावा.